बुटाची उंची कशी ठरवावी: खाचर, माळ आणि कडा

बुटाची उंची म्हणजे टाच जिथे टेकते त्या आतल्या तळापासून बुटाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर. दुकानात ती बहुधा इंचांत सांगतात. काही उत्पादक मात्र बाहेरच्या सोलपासून मोजतात, त्यामुळे आठ इंची म्हणून विकलेल्या दोन बुटांत इंचभराचा फरक निघू शकतो. टेप आत घालून स्वतः मोजणे हाच खात्रीचा मार्ग. ढोबळमानाने पाच उंची बाजारात मिळतात: घोट्याच्या खाली संपणारी, ८ ते १० सेंटिमीटरची; घोट्याची हाडे जेमतेम झाकणारी, १२ ते १५ सेंटिमीटरची; पोटरी सुरू होते तिथवर जाणारी, २० सेंटिमीटरच्या आसपासची; पोटरीच्या मध्यापर्यंतची, २५ ते ३० सेंटिमीटरची; आणि गुडघ्याच्या खाली चार बोटांवर संपणारा गमबूट, ३५ ते ४० सेंटिमीटरचा.

यातली कोणती घ्यायची हे अंतरावरून ठरत नाही आणि चढावरूनही ठरत नाही. घोटा आणि गुडघा यांच्यामधल्या पट्ट्यात वाटेवर काय येऊन लागते, ते पाहायचे. पाणी, चिखल, उंच गवत, कुसळे, सुटे खडे, जळवा, साप यांपैकी जे येणार असेल त्याच्या वर बुटाची कड हवी, आणि तिथून पुढची उंची निव्वळ ओझे ठरते. डोंगर म्हटला की उंच बूट आणि सपाटी म्हटली की काहीही चालते, असा सर्रास समज आहे. जमीन नीट पाहिली तर पुष्कळदा उलटे निघते. सह्याद्रीच्या कोरड्या कातळावर घोट्याखालचा बूट उत्तम चालतो, तर तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडुसारख्या सपाट भातप्रदेशात गुडघ्यापर्यंतच्या बुटाची खरी गरज पडते.

उंचीची किंमत

बूट उंच झाला की तीन गोष्टी वाढतात: वजन, उष्णता आणि घोट्याची अडवणूक. पायातले वजन पाठीवरच्या वजनासारखे नसते, कारण ते प्रत्येक पावलाला उचलून पुढे फेकावे लागते. पायात एक किलो वाढला की चालण्याला लागणारी शक्ती साधारण ७ ते १० टक्क्यांनी वाढते, असे लष्करी आणि क्रीडाविषयक प्रयोगांत दिसले आहे. तेच वजन पाठीवर असते तर त्याचा भार कित्येक पट कमी पडला असता. दहा किलोमीटर चालायला दोन्ही पायांची मिळून तेरा-चौदा हजार पावले पडतात. घोट्याखालचा हलका ट्रेकिंग बूट एका पायाला ३५० ते ४५० ग्रॅम भरतो आणि आठ इंची चामड्याचा बूट त्याच्या जवळजवळ दुप्पट. हा फरक सकाळी जाणवत नाही, दुपारनंतर पाय ओढत चालताना जाणवतो.

उंच बूट घोटा मुरगळू देत नाही, हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य. ते जसेच्या तसे स्वीकारू नये. १९९३ साली अमेरिकेत ६२२ महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात उंच आणि बुटक्या बुटांमध्ये घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. लाकडी मैदान आणि डोंगरवाट यांत अंतर आहे हे खरे, तरीही घोटा सावरण्याचे काम मुख्यतः स्नायू आणि पायाचे भान करतात. मऊ कापडाची उंच कड घोट्याला आधार देत नाही, ती फक्त त्याला झाकते. आधार मिळतो तो टाचेचा कप घट्ट असल्याने, सोल पिळला जात नसल्याने आणि लेस नीट आवळल्याने. बूट हातात घेऊन दोन्ही टोकांनी पिळून पाहावा. ओल्या टॉवेलासारखा पिळला जाणारा बूट कितीही उंच असला तरी दगडधोंड्यांच्या वाटेवर कुचकामी. घोटा पूर्वी दुखावलेला असेल किंवा पाठीवर पंधरा किलोंहून जास्त ओझे न्यायचे असेल, तर घोटा झाकणारा, ताठ सोलचा बूट घेण्यात अर्थ आहे.

ओरत्तनाडुची जमीन

ओरत्तनाडु हे तंजावरच्या दक्षिणेला पट्टुक्कोट्टैच्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. मराठी वाचकाला ते मुक्तांबाळ छत्रामुळे, म्हणजे तिथल्या धर्मशाळेमुळे, ओळखीचे असू शकते. दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंसाठी हे छत्र उभे राहिले. आजूबाजूचा मुलूख कावेरीच्या पाण्यावरचा. मेट्टूर धरणाबरोबर १९३४ साली पूर्ण झालेल्या योजनेतला ग्रँड अनिकट कालवा या भागाला पाणी देतो. जूनमध्ये मेट्टूरचे पाणी सुटले की कुरुवै भात, त्यामागून सांबा, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. वर्षाचा मोठा भाग इथे पायाखाली ओल असते.

छत्र पाहायला येणाऱ्याला उंच बुटाची गरज नाही. सहज काढता-घालता येणारे सँडल बरे, कारण तंजावरकडच्या प्रवासात दर थोड्या वेळाने देवळाच्या दारात पादत्राण उतरवावे लागते. प्रश्न सुरू होतो तो रस्ता सोडून बांधावर उतरल्यावर. भाताचा बांध हात-दोन हात रुंद, वर गवत, कडेला खेकड्यांची आणि उंदरांची बिळे, दोन्ही बाजूंना चिखल. पाऊल घसरले की पाय पोटरीपर्यंत आत जातो. इथे घोटा झाकणारा ट्रेकिंग बूट सगळ्यांत वाईट: उंची चिखलाला पुरत नाही आणि आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही. एकतर पाणी येऊन निघून जाऊ देणारा सँडल घालावा, नाहीतर थेट गुडघ्याखालचा गमबूट.

या दोहोंतली निवड करताना सापाचा विचार आधी करावा. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले, निम्मे पावसाळ्यातले, आणि चावा बहुधा पायाला. भातशेतीत मुख्य भीती घोणसीची. उंदीर असतात तिथे ती असते, बांधाच्या गवतात निपचित पडून राहते, आणि पाय अगदी जवळ पडला की झडप घालते. तिची झडप सहसा पाऊल, घोटा आणि नडगीचा खालचा भाग यांवर येते. म्हणून ३५ सेंटिमीटरचा जाड पीव्हीसी किंवा रबरी गमबूट या दंशांपैकी बऱ्याच दंशांच्या आड येतो. पूर्ण अभय तोही देत नाही: पातळ रबरातून दात जाऊ शकतात आणि गवत कंबरभर असेल तर दंश बुटाच्या वरही होतो. तरी अनवाणी पाय आणि गमबूट यांतला फरक जीवन आणि मरण यांतला ठरू शकतो, आणि ज्या वस्तूने तो पडतो ती काही शे रुपयांत तालुक्याच्या बाजारात मिळते. शेतमजुराला कामावर घेताना विळ्यासोबत गमबूटही द्यावा, ही अपेक्षा मुळीच जास्त नाही.

गमबूट चालत नाही असे एक काम मात्र आहे: लावणी. चिखलणी केलेल्या खाचरात वाकून मागे मागे सरकत रोपे लावणाऱ्या बाईच्या पायातला गमबूट दर पावलाला चिखलात रुततो, टाच वर येते आणि बूट खालीच राहतो. चिखल बुटाभोवती बसला की हवा आत शिरत नाही आणि ओढून काढताना पाय उपसावा लागतो. तासाभरात कंबर भरून येते. त्यामुळे लावणी अनवाणीच होते, आणि तिथे बुटाचा आग्रह धरणे म्हणजे काम न पाहता दिलेला सल्ला. बुटाचा आग्रह धरायचा तो बांधावरून ये-जा करताना, तण काढताना, रात्री पाणी फिरवायला जाताना, आणि सर्वांत जास्त सांब्याच्या कापणीला, जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा खाचर कोरडे, पीक उंच, उंदीर भरपूर आणि हात-पाय नेमके पेंढ्यांत असतात. म्यानमारमध्ये घोणसीच्या दंशाने भातशेतकरी मोठ्या संख्येने दगावत. तिथे त्यांच्यासाठी हलके बूट बनवून ते शेतात वापरले जातात का, हेही तपासले गेले. बूट किती सुरक्षित आहे याइतकाच तो दिवसभर पायात राहतो का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

या प्रदेशातली खरीखुरी शिकार म्हणजे उंदरांची. बांबूच्या धनुष्यासारखा सापळा, ज्याला तंजावर धनुष्य-सापळा म्हणतात, भातात तिन्हीसांजेला लावतात आणि पहाटे गोळा करतात. कमी उजेड, बिळांची जागा आणि गवतात खाली घालावा लागणारा हात, सगळी जोखीम एकत्र. या कामाला गुडघ्याखालचा बूट, जाड हातमोजे, बॅटरी आणि गवत आधी हलवून पाहायला काठी, एवढे किमान हवे.

पाण्याचे दुखणे वेगळे. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांवाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात. जंतूंचा प्रश्न गोठ्यातही येतो. ओरत्तनाडुला २०१२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा संस्थांत गोठ्यात जाताना गमबूट घालतात तो मुख्यतः जंतुनाशकात बुडवून धुता येतो म्हणून. त्या कामाला पोटरीच्या मध्यापर्यंतची उंची पुरते. वादळानंतर मात्र उंचीबरोबर सोलही पाहावा लागतो. नोव्हेंबर २०१८ मधल्या गज वादळाने या पट्ट्यातल्या नारळीच्या बागा आडव्या केल्या. अशा वेळी साचलेल्या पाण्याखाली पत्रे, खिळे, तारा दडलेल्या असतात आणि साधा रबरी तळ त्यांना अडवत नाही. तळात पोलादी पट्टी असलेला औद्योगिक गमबूट अशा कामासाठी असतो. पीव्हीसी बुटांसाठी भारतीय मानक आयएस १२२५४ आहे, त्याची खूण पाहून घ्यावा.

वाहत्या कालव्यात गमबूट घालून उतरू नये. पाणी कडेवरून आत आले की प्रत्येक पाय जड होतो आणि तोल सावरता येत नाही. खोली आधी काठीने मोजावी. काठीवर ओल जिथवर आली त्याच्या वर किमान एक वीत बुटाची कड राहत असेल, तरच साचलेल्या पाण्यात पाय घालावा.

ओरत्तनाडुहून फार दूर नसलेल्या वडुवूरच्या तलावावर हिवाळ्यात पाणपक्षी पाहायला येणाऱ्यांना हाच हिशेब लागू पडतो. बंधाऱ्यावरून पाहायचे तर साधा बूट पुरे. काठाच्या दलदलीत उतरायचे तर गमबूट. मुत्तुपेट्टैच्या खारफुटीतला गाळ मात्र गमबूटही ओढून घेतो. तिथे नाव हेच वाहन.

शिकारी बूट आणि आजचा कायदा

परदेशी कॅटलॉगांत १० ते १६ इंची ‘हंटिंग बूट’ असतात. ते थंड प्रदेशात दलदलीत तासन्‌तास बसून राहणाऱ्या शिकाऱ्यासाठी घडवलेले, आत उबदार अस्तर असलेले. ब्रिटिश अमदानीत मद्रास इलाख्यातल्या भातखाचरांतही पाणलाव्याच्या शिकारीला साहेब लोक चिखल तुडवत. आज भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ९ नुसार कायद्याच्या अनुसूचींत नोंदलेल्या वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका असेल तेव्हा कलम ११ खाली अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने होणारी कारवाई हा मुख्य अपवाद. तेव्हा अस्तराचे शिकारी बूट इथे घेऊ नयेत. तंजावरच्या उकाड्यात त्यांत पाय अक्षरशः उकडतात.

शिकाऱ्याच्या गरजा आज वनरक्षकाच्या आहेत: आवाज न करता चालणे, ओढा ओलांडणे, गवत आणि काटे तुडवणे. ताडोबा-मेळघाटात व्याघ्रगणनेसाठी ठरलेल्या रेषेवरून पहाटे चालणाऱ्याला कॅनव्हासचा, मऊ रबरी सोलचा, सात-आठ इंची जंगल बूट सोयीचा पडतो. तो भिजतो पण लवकर वाळतो, आणि पाय ठेवताना फांदी मोडण्याआधी तळव्याला कळते. जाड चामड्याच्या बुटात हे कळत नाही. दक्षिण कोकण आणि गोव्याच्या जंगलात गोचिडांचाही विचार हवा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात काजू गोळा करणाऱ्यांना गोचिडांमधून क्यासनूर जंगल ताप झालेला आहे. गोचिडाला बुटाची उंची अडवत नाही, अडवतो तो सांधा: पँटचा पाय मोज्यात खोवलेला आणि मोज्याची कड बुटाच्या वर आलेली. ती फट बंद नसेल तर बारा इंची बूटही उपयोगाचा नाही.

सह्याद्रीत

बेसाल्टच्या कातळावर पाय ज्या कोनात पडेल त्या कोनात घोटा वळायला हवा. उंच ताठ बूट तो वळू देत नाही, मग टाच उचलली जाते आणि पकड चवड्यावर येते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या जागी बोटांची पकड आणि सोलचे रबर महत्त्वाचे. उंचीला तिथे काम नाही. महाराष्ट्रातल्या ट्रेकर मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या स्वस्त, बुटके, मऊ रबराचे बूट लोकप्रिय राहिले ते याच कारणाने. एक अपवाद घसाऱ्याचा. सुट्या मुरमावरून उतरताना खडे घोट्याखालच्या बुटात शिरतात, आणि टाचेखाली एक खडा गेला तरी उतरणीत थांबून बूट काढणे जिकिरीचे होते. अशा वाटेला घोटा झाकणारा बूट किंवा बुटक्या बुटावर छोटा गेटर, म्हणजे बुटाची कड आणि नडगी झाकणारे कापडी आवरण, घालावा.

पावसाळ्यात उंच जलरोधक बूट घेण्याचा मोह होतो. सह्याद्रीतला पाऊस वरून येतो, पँटवरून ओघळत बुटात उतरतो, आणि जलरोधक अस्तर तेच पाणी आत धरून ठेवते. जाळीचा, भराभर निथळणारा बूट आणि सुके मोजे पिशवीत, हीच इथली रीत आहे. जळवांसाठी आंबोली-कोयनेकडे गुडघ्यापर्यंतचे दाट विणीचे सुती मोजे पुरतात.

पावसानंतरच्या माळावर मात्र उंचीची गरज परत येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाळलेल्या कुसळाचे टोक मोज्यात घुसते आणि चालताना फिरत फिरत कातडीपर्यंत पोचते. लोकरी मोजा त्याला आमंत्रणच. गुळगुळीत कापडाचा, गुडघ्याखालपर्यंतचा गेटर त्यावर सर्वांत चांगला, कारण कुसळ त्यावरून निसटते. फुरसे हा साप कोकणच्या जांभ्याच्या सड्यावर दगडांच्या फटीत असतो. तो लहान, त्याची झडप खालून येते, म्हणून घोट्यावर चार बोटे कड असलेला बूट बऱ्याच अंशी कामी येतो.

दंश झालाच तर बुटाच्या नादात वेळ घालवू नये. सूज चढण्याआधी घट्ट बूट, पैंजण, जोडवी काढावीत, पाय हलू न देता माणसाला थेट रुग्णालयात न्यावे. आवळून बांधणे, चिरणे, चोखणे टाळावे. ओरत्तनाडुच्या परिसरातून तंजावरचे वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते.

निवडताना आणि वापरताना

उंच बूट दुकानात उभ्याने घालून घेऊ नये. त्यात उकिडवे बसून पाहावे. उकिडवे बसल्यावर वरची कड नडगीत रुतली किंवा पोटरीचा मांसल भाग आवळला, तर दिवसाअखेर तिथे वळ पडणारच. गमबुटाची मापे तळव्यापुरतीच असतात, पोटरीचा घेर कुणी विचारत नाही. तो घरीच सर्वांत जाड जागी टेपने मोजावा. बूट घातल्यावर पोटरी आणि कड यांमध्ये दोन बोटे जावीत. त्याहून सैल असला तर गवताचे बी, मुंग्या आणि पाणी आत पडते. घट्ट असला तर घामाने भिजल्यावर दोघांनी ओढल्याशिवाय निघत नाही. लेसच्या उंच बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली आहे ना हे पाहावे. ती मोकळी असेल तर पाणी वरच्या कडेपर्यंत न पोचता तिथूनच शिरते, म्हणजे बुटाची खरी उंची जीभ सुटते तेवढीच. चढताना वरच्या दोन-तीन हुकांतली लेस सैल ठेवावी, उतरताना आवळावी. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, रोजच्या मोज्यांसह घालून पाहावेत.

एकच जोड परवडत असेल तर महिन्यातले जास्तीत जास्त दिवस ज्या जमिनीवर जातात तिच्यासाठी घ्यावा. ओरत्तनाडुच्या शेतकऱ्याला गमबूट, पुण्याच्या रविवारच्या ट्रेकरला बुटका बूट. या दोघांनीही मधली उंची घेऊन दोन्ही कामे भागवायला जाऊ नये. दहा-बारा इंची बूट शेतात भरतो आणि डोंगरात जड होतो.

गमबुटात घाम जिरत नाही, त्यामुळे सुती मोज्यांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत आणि दुपारी बूट काढून पाय वाऱ्याला द्यावेत, नाहीतर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. रात्री बूट उलटा टांगावा. सकाळी घालण्याआधी जमिनीवर आपटून झटकावा, कारण विंचवाला आणि बेडकाला त्याची पोकळी आवडते. उन्हात ठेवलेले पीव्हीसी ताठ होऊन तडकते, म्हणून वाळवणे सावलीत. चीर पडते ती बहुधा घोट्याच्या घडीपाशी, आणि तिथे लावलेले ठिगळ वाकून वाकून सुटते. असा बूट खाचरासाठी बाद समजून गोठ्यात किंवा कोरड्या बांधावर वापरायला ठेवावा.